पंधराशेची लेडीज सायकल

मेसच्या मालकाला मला कामावरून काढायचं होतं, पण तसं तोंडावर सांगायची धमक त्याच्यात नव्हती. म्हणून त्याने वेळ बदलली. शिवाजी पेठेच्या कडेला मुलींचं एक होस्टेल आहे, तिथल्या मेसमध्ये मी चार वर्षं नाश्ता आणि दुपारचं जेवण बनवत होते. सकाळी सातला हजर व्हायचं, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. महिना संपायला दहा दिवस उरले असताना हा मनुष्य दात कोरत स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "एक तारखेपासनं सहाला यायचं. पोरींची अभ्यासिका सातला उघडतीया. सहा म्हंजे सहा. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी यायची तसदी घेऊ नका. आमच्या मेव्हणीची नणंद घरात मोकळीच बसलीया."

मेव्हणीच्या त्या नणंदेला मी ओळखत होते. मला ताप आला तेव्हा ती दोन दिवस बदली म्हणून आली होती आणि तिने पोह्यांचा लगदा केला होता. मुलींनी तो मुकाट्याने खाल्ला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुली समोर येईल ते खातात, त्यांचं लक्ष ताटात नसतंच. म्हणजे माझ्या हाताच्या चवीवर माझी नोकरी टिकणार नव्हती. टिकली तर घड्याळावर टिकणार होती.

मी राहते कळंब्यात, तुरुंगाच्याही पुढे, एका खोलीत. तिथून पेठेत यायला पहिली बस सव्वासहाला, आणि तीही तिच्या मनात आलं तर. एकदा चालत येऊन पाहिलं. तासाच्या वर वेळ लागला, कारण तिथल्या तलावाच्या बाजूची कुत्री उजाडेपर्यंत रस्ता आपल्या बापाचा समजतात. रोज रिक्षा केली असती तर पगारातून मीठ आणायलाही काही उरलं नसतं. राहिली सायकल. माझ्याकडे दोन हजार रुपये होते. त्यावर एक रुपयासुद्धा नव्हता.

चाळिशी उलटलेल्या बाईने सायकल घ्यायची म्हटल्यावर सगळ्यांना सल्ला द्यायची हौस आली. घरमालकीण म्हणाली, "सायकल? अवो लोक काय म्हणतील? गाडी घ्या की हप्त्यानं." तिची स्वतःची गाडी हप्त्याने घेतलेली होती आणि सहा महिन्यांपासून जिन्याखाली ताडपत्रीत झाकून ठेवलेली होती, कारण पेट्रोल हप्त्याने मिळत नाही. पण सल्ला द्यायला गाडी चालू असावी लागते असं थोडंच आहे.

एक खरं, की कोल्हापुरात आता सायकल दोनच प्रकारची माणसं चालवतात. ज्यांच्याकडे काहीच नाही ती, आणि ज्यांच्याकडे नको तेवढं आहे ती. दुसऱ्या प्रकारची माणसं सकाळी रंकाळ्याभोवती घोळक्याने फिरतात. डोक्यावर टोप, डोळ्यांवर रंगीत चष्मा, अंगाला चिकटलेले कपडे, आणि फेरी झाली की नाश्त्याला मिसळ, कटाची वाटी दोनदा मागून. यांना सायकलींचा कंटाळा फार लवकर येतो, त्यामुळे जुन्या सायकलींच्या मोबाइलवरच्या जाहिराती यांच्याच असतात. मेसमधल्या एका मुलीने मला तसल्या जाहिराती काढून दाखवल्या. 'अगदी कमी वापरलेली', असं प्रत्येकीखाली लिहिलेलं. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

त्यातल्या एका घरी गेले. बंगला होता. मालक दारात आला तोच मुळी त्या घट्ट कपड्यांत, जसा काही मला धडा द्यायला सजून बसला होता. कपड्यांनी सगळं शरीर आवळून धरलं होतं, पोटाने मात्र दाद दिली नव्हती. सायकल गॅलरीत होती आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत होते. "एकवीस गिअर आहेत," तो म्हणाला.

"मला कामावर जायचंय," मी म्हणाले.

"बारा हजारला देतो. घेतली तेव्हा पस्तीसला होती."

"घेतली होती का टांगली होती?" मी विचारलं आणि तो पुढे काही बोलायच्या आत जिना उतरले.

मग जुन्या सायकली विकणाऱ्या एका दुकानात गेले. तिथे फुटपाथवर ओळीने तीस-चाळीस सायकली उभ्या होत्या, सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या. दुकानदाराने गंजावर रंग मारला होता, चिखलावर रंग मारला होता, एका सायकलीच्या तर टायरवरही रंग मारला होता. मी एका दांडीवर नख लावलं तर रंगाची पापडी उठली आणि खालून तांबड्या भुशासारखा गंज सांडला. मी चेन हलवली, चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबला, सीट पिळली. प्रत्येक वेळी काय बिघडलंय ते मोठ्याने सांगत गेले, म्हणजे आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनाही फुकटात शिक्षण मिळालं. शेवटी दुकानदार वैतागला. "बाई, तुमाला सायकल घ्यायचीया का सोयरीक करायचीया?"

त्याला वाटलं त्याने विनोद केला. तो आमच्या घराची रीतच बोलला होता.

मी मूळची चंदगडकडची. आमच्याकडे काजूची बाग होती, फार मोठी नाही, वर्षाचं मीठ-मिरची निघेल एवढी. उन्हाळ्यात व्यापारी यायचे. अंगणात काजूच्या बियांचा ढीग घातलेला असायचा. व्यापारी त्यात हात घालायचा, दोन-चार बिया फोडायचा आणि तोंड कडू करायचा. "गर बारीक हाय. माल वलाय. रंग बघा की, काय ह्यो रंग?" आम्ही पोरं घाबरायचो, की आता हा निघून जाणार. वडील मात्र खांबाला टेकून मिशीत हसायचे. आत आल्यावर आईला सांगायचे, "नावं ठेवतोय, म्हंजे नेणार. गप बसून गेला की समजायचं, माल नको हाय त्येला." आणि वडिलांचं कायम खरं व्हायचं. तासभर नावं ठेवून झाली की व्यापारी पोती भरायला लागायचा.

त्यांच्याकडून मी हेच शिकले. घ्यायच्या वस्तूला आधी नावं ठेवायची. जेवढी हवी तेवढी जास्त ठेवायची. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा मी तिला असं बोलते की भाजीवालीला स्वतःची लाज वाटावी.

मला बघायला आले तेव्हाही हेच झालं. पाहुण्यांकडच्या एका बाईने माझा हात हातात घेऊन बोटं पाहिली आणि म्हणाली, बोटं जाड हायत. दुसरी म्हणाली, उंचीला कमी हाय. तिसरीने रंग काढला. मी पाटावर बसून सगळं ऐकत होते आणि आतल्या दाराआड वडील आईला आनंदाने सांगत होते, "नावं ठेवल्यानी बघ. म्हंजे पसंत हाय." त्याही वेळी त्यांचं खरं झालं. पाहुण्यांनी मला नेलं. फरक एवढाच, की काजूचा व्यापारी सौदा झाल्यावर गप्प बसायचा, आणि माझ्या नवऱ्याने अकरा वर्षं नावं ठेवणं थांबवलं नाही. बाराव्या वर्षी मीच निघून कोल्हापूरला आले. वडिलांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. पसंत होती की, म्हणायचे.

असो. सायकलीचं सांगत होते.

मेसमध्ये माझ्याबरोबर चपात्या लाटणारी बाई पेठेतलीच. तिने सांगितलं, तिच्या गल्लीत एक म्हातारा आहे, वर्कशॉपमधून रिटायर झालेला. त्याच्याकडे लेकीची लेडीज सायकल पडून आहे. लेक लग्न होऊन बेळगावला गेली, आता ती सायकल कोण चालवणार? तो शनिवार होता, आणि एक तारीख सोमवारी येत होती. दुपारची भांडी आवरून मी थेट तिकडे गेले. तालमीच्या पोरांची फुटबॉलची मॅच होती, त्यामुळे गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नाहीतर पेठेत एका सायकलीचा सौदा म्हणजे तीस पंच आणि एक सायकल, असा प्रकार झाला असता.

म्हातारा बनियन-पायजम्यात पायरीवर बसला होता. मी कशाला आलेय ते सांगितल्यावर आत गेला आणि सायकल घेऊन आला. काळी, साधी, पुढे जाळीची बास्केट, मागे कॅरेज. त्याने ती अंगणात फरशीवर स्टँडला लावली आणि बाजूला उभा राहिला.

"किती?" मी विचारलं.

"पंधराशे."

माझ्या कनवटीला दोन हजार होते. शहाण्या माणसाने त्याच क्षणी पंधराशे मोजले असते आणि पायडलवर पाय ठेवला असता. पण मला ती सायकल फार हवी होती. एवढी हवी होती म्हटल्यावर नावं ठेवणं भागच होतं.

"पंधराशे?" मी म्हणाले. "हिचे? चेन तर बघा, वाजतेय नुसती."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "वाजती व्हय?" असं म्हणून तो खाली बसला. शेजारच्या डब्यातून त्याने पान्हा काढला, मागचं चाक ढिलं केलं आणि चेन उतरवून एका पोत्यावर ठेवली.

मला वाटलं, तेल-बिल घालणार असेल. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून चाललेली धडपड. मी मनात हसले आणि पुढचं काढलं. "आणि ब्रेक? हे ब्रेक आहेत का शोभेच्या काड्या?"

"ब्रेक बी?" तो म्हणाला आणि ब्रेक सोडवायला लागला.

मला जोर चढला. चाक आऊट आहे म्हणाले, त्याने चाक काढलं. पायडल घसरतंय म्हणाले, त्याने पायडल काढलं. सीट बसकी आहे, मडगार्ड हलतंय, बास्केट वाकडी आहे. प्रत्येक वेळी तो एकदा "व्हय?" म्हणायचा आणि ती वस्तू काढून पोत्यावर ठेवायचा, ओळीत, स्वच्छ. अर्ध्या तासात माझ्यापुढे दांड्यांचा सांगाडा उरला आणि मला नावं ठेवायला काही उरलं नाही.

"तर मग," मी विजयी मुद्रेने म्हणाले, "नऊशे देते."

म्हातारा उठला. गुडघे झाडले. त्याच्या तोंडावर राग नव्हता, हे मला अजून आठवतं. "कशाचं नऊशे? आता इकायची न्हाय. सोमवारी भंगारवाल्याला देतो."

"अहो पण का?"

"तुमीच सांगितलासा की, सगळंच खराब हाय म्हणून. बरं केलासा सांगितलासा. मी आपला चांगली हाय म्हणून बसलोतो."

सोमवार त्याच्या तोंडात भंगारवाल्याचा होता आणि माझ्या डोक्यात सहाच्या ठोक्याचा. "अहो, असं म्हणायचं असतं," मी म्हणाले. "भाव कमी करायला म्हणतात. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं म्हाईत असंल?" तो म्हणाला. "चाळीस वर्सं लेथवर काढली मी. तपासणारा म्हणाला जॉब रिजेक्ट, की रिजेक्ट. परत त्योच जॉब कमी भावात न्यायला येत न्हाय त्यो. ज्येला खोट दिसली त्यो त्याच वस्तूला हात घालतोय, असं मी कधी बघिटलं न्हाय."

"मग आहे तशी द्या. मला चालेल."

"तुमाला चालंल, मला चालंल व्हय? ब्रेक नसलेली सायकल बाईमाणसाला देऊ? उताराला कुठं जाऊन आपटलासा तर?" त्याने पोत्याची चार टोकं धरून सगळे भाग गोळा केले. मग सायकलीचा तो सांगाडा दोन्ही हातांनी उचलला, आणि दारातून आत नेताना मागे न बघता म्हणाला, "भंगारवाल्याला बी न्हाय. एवढी वाईट हाय, तर न्हाय द्यायची. घरात राहील." आणि दार लावून घेतलं.

मी गल्लीत उभी राहिले. त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आडमुठा, खुळचट, व्यवहारशून्य, हे त्यातल्या त्यात सभ्य शब्द. बाजारात उभं राहायची अक्कल नाही आणि म्हणे चाळीस वर्षं काम केलं. बसची वाटही न बघता मी चालत सुटले.

तुरुंगाची भिंत लागेपर्यंत राग पुरला. भिंतीच्या कडेने चालताना मात्र त्या म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. एवढी वाईट आहे तर नाही द्यायची. घरात राहील. आणि मला एकदम पाट आठवला, माझी जाड बोटं हातात धरून बघणारी ती बाई आठवली, आणि दाराआडचे आनंदाने हसणारे वडील. तीन बायका तीन तोंडांनी मला नावं ठेवत होत्या तेव्हा वडिलांनी बाहेर यायला हवं होतं. हात धरून मला पाटावरून उठवायला हवं होतं आणि पाहुण्यांना सांगायला हवं होतं, एवढी वाईट वाटत असेल तर नाही द्यायची, घरात राहील. माझ्या वडिलांना हे सुचलं नाही. एका लोखंडाच्या सायकलीसाठी एका परक्या म्हाताऱ्याला सुचलं. मला त्या सायकलीचा हेवा वाटला. लाज वाटावी असा हेवा, पण वाटला. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले, आणि येणारे-जाणारे बघत होते, तर बघू दे म्हटलं.

रात्री ठरवलं की परत जायचं नाही. रविवारी मला सुट्टी असते. सकाळी उठून गेले.

म्हातारा पायरीवरच होता. "आता काय ऱ्हायलं?" त्याने विचारलं.

"काल मी खोटं बोलले," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडातून यायला किती वेळ लागला ते मलाच माहीत. नावं ठेवायची म्हटली तर माझी जीभ सरसर चालते, शब्द मागे घ्यायचे म्हटलं की टाळ्याला चिकटते.

"कुठलं कुठलं खोटं?"

मला सांगताच येईना. चेन वाजत होती का? ब्रेक ढिले होते का? आठवायला गेले तर त्या निळ्या सायकलीची चेन आठवत होती, त्या दुकानातले ब्रेक आठवत होते. ही काळी सायकल मी धड पाहिलीच नव्हती. तिकडे पाठ केलेली आरती इकडे म्हणून दाखवली होती. डोळे उघडे ठेवून आंधळी झालेली मी, आणि आव मात्र असा की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने पोतं बाहेर आणलं आणि फरशीवर उलगडलं. "मग आता बघा आनि सांगा. बघिटल्याशिवाय बोलायचं न्हाय."

चेन हातात घेतली. एकही कडी अडकत नव्हती, गंजाचा डाग नव्हता. "चांगली आहे," मी म्हणाले. त्याने ती डिझेलच्या डब्यात टाकली आणि एक जुना ब्रश माझ्यापुढे सरकवला. "मग धुवा." ब्रेकचे रबर उलटे करून पाहिले. "अर्धे झिजलेत. पण वर्षभर चालतील."

"आट म्हैने," तो म्हणाला. "पर बरोबर हाय."

असं करत दुपार झाली. मी बघायचं, बोलायचं, आणि मी खरं बोलले की त्याने ती वस्तू जागेवर बसवायची. सीट खरोखर थोडी बसकी होती, ते मी सांगितल्यावर तो खूश झाला आणि आतून दुसरी स्प्रिंग घेऊन आला. चाक फिरवून त्याने रिमजवळ खडू धरला आणि मला वाकून बघायला लावलं. खडू चाकाला सगळीकडे सारखा लागला, कुठे सुटला नाही. आऊट म्हणे. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. त्याच्या घरातून एक म्हातारी दोनदा चहा देऊन गेली आणि दुसऱ्या वेळी म्हणाली, "ह्यांनी एवढं तर लेकीला बी काम लावलं न्हवतं कधी."

सायकल पुन्हा उभी राहिली. मी पंधराशे रुपये काढले. म्हाताऱ्याने ते घेतले नाहीत.

"एक खोट हाय," तो म्हणाला. "ती तुमाला ना काल दिसली, ना आज."

मी सायकलीभोवती फिरले. काही दिसेना. त्याने पुढच्या चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या त्या दोन दांड्यांना, हात लावला. "लेक एकदा खड्ड्यात पडलीती. ह्यो वाकला. मी तापवून सरळ केला, पर केसभर फरक ऱ्हायलाच. सायकल उजवीकडं वढती. डावा हात जरा घट्ट धरायचा, सवय हुतीया. मी काल सांगणारच हुतो, तुमी बोलाय सवड दिली न्हाईसा. त्येच्यासाठीच पंधराशे म्हणालो. न्हायतर दोन हजार सांगितलं असतं."

दोन हजार. म्हणजे माझी कनवट रिकामी करणारा भाव त्याने मी यायच्या आधीच पाचशेने खाली आणून ठेवला होता, आणि मी अर्धा तास घसा कोरडा करून त्याला नऊशेवर ओढत होते. त्याने पैसे घेतले, न मोजता बनियनच्या खिशात टाकले. माझ्या जिभेच्या टोकावर 'काही कमी-जास्त करा' हे शब्द आलेच. सवय मेल्याशिवाय जात नाही. मी ते गिळले.

सोमवारी निघाले तेव्हा तांबडं फुटायचं होतं. सायकल उजवीकडे ओढत होती, म्हाताऱ्याने सांगितलं होतं तेवढीच, ना कमी ना जास्त. मी डावा हात घट्ट धरला. कुत्री धावून आली, पण सायकलीच्या मागे धावण्यात त्यांना फार वेळ रस वाटला नाही. चेनचा आवाज म्हणाल तर बिलकूल नव्हता.

मेसच्या दारात पोहोचले तेव्हा सहाला पाच कमी होते. मालक दारात मोबाइल हातात धरून उभा होता. चार वर्षांत या माणसाने आठच्या आधी कधी तोंड दाखवलं नव्हतं, आज माझा उशीर डोळ्यांनी बघायला मुद्दाम उठून आला होता. आणि आत, माझ्या ओट्याजवळच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन मेव्हणीची नणंद बसलेली. तिला बोलावूनही झालं होतं.

मालकाने मोबाइलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे. वेळेचं काही बोलता येईना, म्हणून सायकलीवर घसरला. "कुठनं आणलं ह्ये भंगार? चेन वाजतीया नुसती. ब्रेक हाय का न्हाय? सीट फाटलंय." सीटला त्याने पाहिलंही नव्हतं. सीटला आदल्या दिवशी नवी स्प्रिंग बसली होती आणि वरचं रेक्झिन चकचकीत होतं. तरी तो बोलतच होता, आणि मला एकेक शब्द ओळखीचा वाटत होता.

"ती भायेर ठेवा," तो म्हणाला. "आत जागा न्हाय."

मी स्टँड काढला. दांडीखाली हात घालून सायकल उचलली, त्याच्या अंगावरून दारातून आत नेली आणि तांदळाच्या पोत्यांशेजारी भिंतीला लावून उभी केली. मेव्हणीची नणंद स्टुलावरून उठली.

"एवढी वाईट हाय, तर भायेर न्हाय ठेवायची," मी म्हणाले. "आत राहील."

मग हात धुतले आणि पोहे भिजवायला घेतले.